चिमूटभर पुरावा

सत्यशीला ओव्हाळ कामावरून घरी आली की तिच्या पदराला गोडसर वास यायचा. अत्तराचा नव्हे, फुलांचाही नव्हे, क्लोरोफॉर्मचा. तिची मुलगी कल्याणी लहान होती तेव्हा तिला वाटायचं, सगळ्यांच्या आयांना असाच वास येतो. एकदा मैत्रिणीच्या घरी खेळून आल्यावर तिने तक्रार केली, "तिच्या आईला नुसता फोडणीचा वास येतो गं." घरातले सगळे हसले. सत्यशीलाही हसली, आणि आंघोळीला गेल्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ साबण लावत बसली.

ती पुण्यात, गुन्ह्यांतला मुद्देमाल तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. तिचे वडील दापोडीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. लाल, पिवळी औषधं मोठ्या बाटल्यांतून छोट्या बाटल्यांत ओतताना ते तिला शेजारी उभं करत. आधी चिठ्ठी चिकटवायची, मग औषध भरायचं, हा त्यांचा नियम. रसायनशास्त्राची गोडी तिला तिथेच लागली असावी. एम.एस्सी. झाली, सरकारी परीक्षा दिली, आणि नोकरी लागल्यावर ज्या टेबलाशी बसली, त्याच टेबलाशी तिचे केस पांढरे झाले.

तिच्या टेबलावर येणारे अमली पदार्थ सिनेमात दाखवतात तसे नसत. पांढऱ्या पुड्या क्वचित. जास्त करून औषधंच यायची: झोपेच्या गोळ्या, खोकल्याची सिरपं, दुखणं मारणाऱ्या कॅप्सूल, भूल देताना रक्तदाब सावरायला वापरतात आणि जिममधली पोरं दंड फुगवायला टोचून घेतात ती इंजेक्शनं. चांगल्या कारखान्यात, चांगल्या कामासाठी बनलेली. बनवणाऱ्याचा दोष नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरचा नाही. वाटेत कुठेतरी ती भलत्या हातात पडलेली असायची. ते औषध नेमकं कोणतं, एवढंच सत्यशीलाने सांगायचं. बाकीचं पोलिसांनी आणि कोर्टाने बघायचं.

सांगायची पद्धत जुनी होती. गोळी कुटायची, पाणी आणि क्लोरोफॉर्ममध्ये घालून काचेच्या नरसाळ्यात खळाखळा हलवायची, खाली बसलेला क्लोरोफॉर्मचा थर काढून घ्यायचा. त्याचा ठिपका पांढरा लेप दिलेल्या काचेच्या प्लेटवर ठेवायचा, ती प्लेट पुन्हा क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात उभी करायची. द्राव वर चढतो, सोबत औषधाला घेऊन जातो, आणि प्रत्येक औषध आपापल्या उंचीवर थांबतं. मग फवारा मारायचा, की रंग उमटतो. बघायला सुंदर. पण एका गोळीमागे भांडंभर द्राव खर्ची पडायचा. तो इमारतीच्या मागच्या काळ्या कॅनमध्ये जमा व्हायचा. कॅन भरलेला असला आणि काम तुंबलेलं असलं की मोरीतही जायचा. मोरीतून नाल्यात, नाल्यातून मुठा नदीत. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. सत्यशीलाही बोलत नव्हती.

ती बोलायला लागली ती सीतारामच्या गोष्टीनंतर.

सीताराम प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायचा. भोरकडचा माणूस, शांत, कामाला चोख. हात कायम कोरडे, भेगाळलेले. एकदा सकाळच्या चहाला सगळे जमले असताना तो हसत हसत म्हणाला, "मॅडम, काल म्या मरता मरता वाचलो बगा."

"काय झालं?"

"बायको भाजीला गेल्ती. गॅस चालूच ऱ्हायला, नुसताच, न पेटवता. म्या आलो, देवाफुडं उदबत्ती लावाया काडेपेटी हातात घेतली. तेवढ्यात शेजारीण दारातनं वरडली, 'अवो, गॅसचा वास किती येतोय, आत काय करताय?' मला काय वास न्हाई. मला वाटलं तिलाच भास होतोय."

दोघेतिघे हसले. सत्यशीलाने कप खाली ठेवला.

"सीताराम, तुम्हाला वास येत नाही?"

"आता लई दिस झालं, मॅडम. आदी भांडी धुताना डोकं दुखायचं, वास नको व्हायचा. मग वासच गेला, तवा बरं वाटलं. म्हनलं, सुटलो." तो पुन्हा हसला. "चालतंय. येक हाय, डाळ करपली तरी बायको माज्यावर वरडत न्हाई. मला कुठं कळतंय!"

सत्यशीला त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, कामाची चौकशी केली. यामुळेच वास गेला असं ठामपणे सांगता येणार नाही, म्हणाले. पण इतकी वर्षं असले वाफारे घेतल्यावर असं होऊ शकतं. आणि आता परत येईल अशी आशा धरू नका. परत येताना स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा सीतारामने एकच विचारलं, "म्हंजी नातीच्या डोक्याला त्याल लावल्यावर जो वास येतो, तो बी आता न्हाई?"



त्यानंतर तिने वाचायला सुरुवात केली. कमी द्रावात, किंवा द्रावाशिवाय, औषध कसं ओळखायचं यावर जगभर काम चाललेलं होतं. तिला ते ऐकून माहीत होतं, पण तो दुसऱ्यांचा विषय असं तिने धरून ठेवलं होतं. त्यांच्याच प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक अवरक्त किरणांचं यंत्र होतं. त्याच्या हिऱ्याच्या बारीकशा चकतीवर चिमूटभर भुकटी ठेवली की ते त्या पदार्थाची स्वतःची अशी वाकडीतिकडी रेघ काढून देतं. प्रत्येक पदार्थाची रेघ वेगळी. ना नरसाळं, ना क्लोरोफॉर्म. चकती शेवटी अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली की झालं. आणि प्लेटची तपासणी करायचीच तर क्लोरोफॉर्मऐवजी इथाइल ॲसिटेट आणि साधं इथेनॉल चालू शकतं, तेही बाटलीभर नव्हे, बुचभर.

ती हे घेऊन विभागप्रमुखांकडे गेली. दिगंबर केतकर म्हणजे शनिवार पेठेत वाढलेले, निवृत्तीला टेकलेले, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे गृहस्थ. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ओव्हाळबाई, कल्पना छान आहे. आरोपीही तुमचे आभार मानतील."

"म्हणजे, सर?"

"म्हणजे असं, की आपली पद्धत इतकी वर्षं कोर्टात उभी राहिली आहे. वकील तिला शिव्या देतात, पण पाडू शकत नाहीत. तुमची नवी पद्धत पहिल्याच उलटतपासणीत आडवी झाली, तर गोळ्या विकणारा माणूस हार घालून बाहेर पडेल. नदी स्वच्छ राहील, पेठा नशेत राहतील. चालेल तुम्हाला?"

सत्यशीलाला राग आला, आणि रागातही कळलं की ते चुकीचं बोलत नाहीयेत.

"मग मी काय केलं तर चालेल ते सांगा."

केतकरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "प्रत्येक मुद्देमाल दोन्ही पद्धतींनी तपासा. जुन्या आणि नव्या. आपलं रोजचं काम न अडवता. दोन्ही जुळत राहिल्या तर मी वर शिफारस करतो. पण कोर्टात बोलावणं आलं तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तुम्ही उभं राहायचं. मी येणार नाही."

"कबूल."

कामाचा बोजा दुप्पट झाला. सहकारी कुजबुजत, बाईंना बढतीची घाई झालीय. सुरुवातीला सगळं मजेत चाललं. दुखण्याच्या कॅप्सूल उघडल्या, भुकटी चकतीवर ठेवली, रेघ आली, जुन्या तपासणीशी जुळली. तिला वाटलं, एवढं सोपं होतं तर आपण आजवर काय करत होतो?

मग झोपेच्या गोळ्यांचा एक मुद्देमाल आला. पोरं या गोळ्यांना 'बटन' म्हणतात. जुन्या पद्धतीने अल्प्राझोलम हे झोपेचं औषध स्पष्ट दिसलं. यंत्राने मात्र छातीठोकपणे रेघ काढून दिली ती दुधातल्या साखरेची. तिने पुन्हा केलं. पुन्हा दुधातली साखर. दुसरी गोळी घेतली, तेच.

कारण तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. या गोळ्यांत औषध असतं कणभर. बाकीचा सगळा आकार साखरेचा आणि स्टार्चचा. यंत्र खोटं बोलत नव्हतं, ते दिसेल ते सांगत होतं, आणि त्या गर्दीत औषध दिसतच नव्हतं. एकट्या या यंत्रावर विसंबून तिने अहवाल लिहिला असता, तर शहरातली सगळ्यात जास्त विकली जाणारी नशा तिने 'साखर' म्हणून सोडून दिली असती.

ती केतकरांकडे गेली आणि आपणहून सांगितलं. ते उपहास करतील अशी तिची तयारी होती. त्यांनी फक्त विचारलं, "आणखी कोणाला कळलं?"

"नाही, सर. तुम्हालाच सांगायला आले."

"मग बसा. चहा घ्या. चुकतं कुठे ते सापडलं म्हणजे निम्मी पद्धत हाताला लागली."

केतकर असं बोलू शकतात हे तिला त्या दिवशी समजलं.

पुढचे काही महिने तिने त्या साखरेशीच झुंज दिली. शेवटी जे जमलं ते सांगायला अगदी साधं आहे. दुधातली साखर इथेनॉलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, अल्प्राझोलम विरघळतं. गोळीचा एक कोपरा खरवडायचा, बोटाच्या पेराएवढ्या कुपीत घालायचा, वर इथेनॉलचे थोडे थेंब. हलवायचं, साखर तळाला बसू द्यायची. वरचा नितळ थेंब यंत्राच्या चकतीवर सोडायचा. इथेनॉल उडून जातं, मागे औषधाचा पातळ पापुद्रा राहतो, आणि मग यंत्र बरोबर त्याचीच रेघ काढतं. तोच थेंब छोट्या प्लेटवर चालवून दुसऱ्यांदा खात्री करायची. दोन्ही उत्तरं एक आली तरच लिहायचं; नाही आली तर जुनी वाट आहेच. पहिल्यांदा रेघ बरोबर आली तेव्हा तिने सीतारामला हाक मारली. तो धुवायला भांडी न्यायला आला आणि बघतच राहिला.

"येवढंच? ही कुपी आनि ही चिमणीएवढी पट्टी?"

"एवढंच."

"मग माजी नोकरी जातीय वाटतं," तो म्हणाला, पण कुपी हातात घेऊन उजेडात बराच वेळ फिरवत राहिला.

केतकरांनी शब्द पाळला. शिफारस गेली, वरून मंजुरी आली, आणि काही प्रकारच्या गोळ्यांसाठी नवी पद्धत वापरायला प्रयोगशाळेने सुरुवात केली. कोर्टाचं बोलावणंही फार लांबलं नाही.

प्रकरण कर्वेनगरचं होतं. केयूर नावाचा इंजिनियरिंगचा मुलगा भरदुपारी दुचाकीवरून जाता जाता झोकांडी खाऊन दुभाजकावर आदळला. जिवावर बेतलं नाही. त्याच्या खिशात गोळीचा एक अर्धा तुकडा निघाला, पाकिटाशिवाय, नावाशिवाय. पोलिसांनी विचारल्यावर त्याने एका औषध दुकानाचं नाव घेतलं. तिथे चिठ्ठीशिवाय कॉलेजच्या मुलांना बटनं मिळत, असं तो म्हणाला. दुकानदारावर खटला उभा राहिला. दुकानदाराचं म्हणणं, मी त्याला पित्ताची गोळी दिली होती. त्यामुळे त्या अर्ध्या तुकड्यात काय आहे यावर बरंच काही अवलंबून होतं.

तुकडा सत्यशीलाच्या टेबलावर आला होता. तिने त्याचा एक कोपरा खरवडला आणि अहवालात अल्प्राझोलम लिहिलं.

शिवाजीनगरच्या कोर्टात ती साक्षीला गेली तेव्हा बाहेरच्या बाकावर एक बाई बसलेल्या होत्या. सुती साडी, मांडीवर पिशवी, शाळेत शिकवणाऱ्या वाटाव्यात अशा. त्यांनी आपणहून ओळख दिली. "मी श्यामला. केयूरची आई. आपण प्रयोगशाळेतल्या ना?" मग आवाज खाली आणून, "मला अजून वाटतं, ती पित्ताचीच असेल. त्याला पित्ताचा त्रास आहे हो, लहानपणापासून." सत्यशीलाने मान हलवली आणि आत गेली. साक्षीआधी तिला काही बोलता येत नव्हतं.  दुकानदार आणि ही आई, दोघांनाही एकच उत्तर हवं होतं.

बचावाचे वकील वयाने तरुण होते आणि तयारीने आले होते.

"बाई, आपल्या क्षेत्रातली प्रमाण मानली जाणारी पुस्तकं क्लोरोफॉर्म सांगतात. आपण वापरलं नाही?"

"नाही."

"का?"

"या गोळीला त्याची गरज नव्हती."

"की पर्यावरण वाचवायचं होतं? माझ्या अशिलाच्या आयुष्यावर आपण आपला हिरवा प्रयोग केला, असं मी म्हटलं तर?"

"प्रयोग आधीच झाला होता. जुन्या पद्धतीसोबत ताडून बघितल्यावरच ही वापरात आली. त्याची सगळी माहिती कोर्टात दिलेली आहे."

वकील हसले. "छान. आता सरळ उत्तर द्या. ही पद्धत चुकू शकते का?"

सरकारी वकील खुर्चीत सावरून बसले. त्यांनी तिला आदल्या दिवशी बजावलं होतं, 'नाही' म्हणा आणि गप्प बसा.

"हो," सत्यशीला म्हणाली. "चुकू शकते."



"कमी औषध असलेली गोळी तशीच यंत्रावर ठेवली तर ते नुसती साखर दाखवतं. मी ते स्वतः पाहिलंय. म्हणून आम्ही औषध आधी इथेनॉलमध्ये वेगळं करतो आणि दोन वेगवेगळ्या चाचण्या घेतो. दोन्ही जुळल्या नाहीत तर मी अहवाल देतच नाही."

"हे आपण म्हणता. तपासून बघायचा आता काही मार्ग नाही. होता तो अर्धा तुकडा आपण संपवला असणार."

"नाही. जवळजवळ सगळा शिल्लक आहे. सीलबंद. आपण दुसऱ्या प्रयोगशाळेत, जुन्या पद्धतीने तपासून घेऊ शकता."

न्यायाधीशबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. क्लोरोफॉर्मच्या काळात असा तुकडा एकदा तपासला की संपायचा. पुन्हा तपासा म्हणायची सोयच नसायची. आरोपीला फेरतपासणीची संधी मिळावी हा विचार सत्यशीलाने सुरुवातीला केलेलाही नव्हता. ती सीतारामच्या नाकापासून निघाली होती. पिंजऱ्यात उभी असताना तिला पहिल्यांदा उमगलं की थोडं वापरणं म्हणजे समोरच्यासाठी थोडं राखून ठेवणंही असतं.

वकिलांनी फेरतपासणी मागितली. तुकडा दुसऱ्या शहरात गेला. ते दिवस सत्यशीलाला जड गेले. आपलं उत्तर बरोबर आहे हे तिला माहीत होतं, तरी भाजी निवडतानाही मनात ती साखरेची रेघ यायची. कल्याणी फोनवर म्हणाली, "आई, चुकलीस तर काय होईल?" ती म्हणाली, "एक बेजबाबदार दुकानदार सुटेल, आणि एका आईला बरं वाटेल." मग तिलाच आपल्या बोलण्याचं नवल वाटलं.

अहवाल आला. अल्प्राझोलम.

पुढे दुकानदाराला शिक्षा झाली. केयूरला त्याच्या आईच्या अर्जावरून उपचारांसाठी व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं गेलं. पण निकालाच्या आधी, फेरतपासणीचा अहवाल वाचला गेला त्याच दिवशी, श्यामलाबाई जिन्यात सत्यशीलाला पुन्हा भेटल्या. त्या रडत नव्हत्या.

"आपलं खरं निघालं," त्या म्हणाल्या.

"वाईट वाटतंय मला."

"तुम्ही कशाला वाईट वाटून घेता! मी इतके महिने पित्त पित्त करत बसले. वर्गात मुलांच्या वह्यांत चुका शोधायच्या आणि घरात…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग एकदम विचारलं, "मॅडम, तुमच्यासारखं काही घरी करता येतं का? म्हणजे उद्या त्याच्या खिशात गोळी सापडली, तर ती कसली आहे हे मला कळेल असं काही?"

सत्यशीलाने तोंड उघडलं ते कुपीबद्दल आणि थेंबाबद्दल सांगण्यासाठीच. सवयीने. मग ती थांबली.

"नाही. घरी नाही करता येत. त्यालाच विचारा."

"तो खरं सांगेल?"

"पहिल्यांदा नाही सांगणार कदाचित. विचारत राहा. रागावू नका, आणि थांबूही नका."

श्यामलाबाईंनी तिचा हात हातात घेतला, दाबला, आणि जिना उतरून गेल्या. सत्यशीलाला कोर्टाबाहेरचा तो बाक आठवला. आपल्या टेबलावरून इतक्या गोळ्या गेल्या, त्यांतल्या प्रत्येकीमागे असं कोणीतरी बाकावर बसलेलं असणार.

केतकर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, "ओव्हाळबाईंनी प्रयोगशाळेतला वास घालवला. आता कामाला कंटाळा आला तर आपल्याला दुसरं निमित्त शोधावं लागेल." टाळ्या वाजल्या. सीतारामची नोकरी गेली नाही. भांडी कमी झाली, तसं त्याला मुद्देमालाच्या खोलीत काम दिलं. वास त्याला अजून येत नाही. नात मात्र त्याला सांगते, आज बदामाचं तेल आहे, आज खोबऱ्याचं, आणि तो मान डोलावतो.

सगळंच काही सुटलं नाही. सिरपांसाठी नवी पद्धत अजून नीट बसलेली नाही. साखरेचा पाक आणि रंग फार त्रास देतात. परवा जिममधून पकडलेली काही इंजेक्शनं आली. आत नुसतं पाणी आणि त्यात विरघळलेलं औषध, इथेनॉलची युक्ती तिथे लागू पडेना. सत्यशीलाने दोनदा करून पाहिलं, उत्तरं जुळली नाहीत. तिने अहवाल लिहिला नाही. कपाटाच्या वरच्या खणातून क्लोरोफॉर्मची तपकिरी बाटली काढली, बरोबरच्या नव्या मुलींना बाहेर जायला सांगितलं, खिडक्या उघडल्या, पंखा पूर्ण वेगाने लावला, आणि तोंडाला मास्क बांधून जुन्या पद्धतीने काम सुरू केलं. झाकणाच्या डब्यावर आधी चिठ्ठी लावली, मग उरलेला द्राव त्यात भरून झाकण बंद केलं. मग हात धुऊन ती पुन्हा टेबलाशी बसली आणि पाण्यातलं औषध कमी द्रावात बाहेर कसं काढता येईल, याचा विचार करू लागली.